कुडातलं भोक

दादा, आगबोटीवर जायच्या पडावात आम्ही दोघं बसलो, तेव्हा तू रत्नागिरीच्या बंदरावर फिरकला नाहीस. माझी बायको डोक्यावर गाठोडं घेऊन हातखंब्यापर्यंत चालली, तेव्हाही तू पडवीतून उठला नव्हतास. आता ऐकतो की तिनेच मला फितवलं, असं तू गावभर सांगतोस. म्हणून हे लिहितोय. वाचताना राग येईल. येऊ दे.

पडवीचा कुजलेला खांब बदलताना तू तिच्या खोलीची कुडाची भिंत फोडलीस आणि वीतभर भोक तसंच ठेवलंस. पडवीत तंबाखू मळत बसणाऱ्याला आतलं सगळं दिसायचं. ती वर्षभर जुन्या लुगड्याचा तुकडा टांगून राहिली. थोरल्या दिराशी बोलायची रीत नाही, म्हणून वहिनीकडून सांगून पाहिलं. तुझं उत्तर आलं, "तिचा घो येऊंदे शिमग्याला. मुंबैत भिंतीच लिंपतो ना तो?"

लिंपतोच. विजेच्या तारा घालणारे मिस्त्री साहेबलोकांच्या घरांच्या भिंती फोडून जातात आणि मी ती भोकं अशी बुजवतो की हात फिरवला तरी कळत नाही. त्याच ऐटीत मी शिमग्याला सिमेंट घेऊन आलो. कारवीच्या काठ्यांच्या कुडाला सिमेंट! कुडाला माती, तूस आणि शेण कालवून लावतात, हे जन्मभर पाहत आलेला मी. पण मुंबईने अक्कल खाल्ली होती. तू समोर बसलेला असताना मुद्दाम थापी आपटत लिंपलं. तिसऱ्या दिवशी तू दार आपटलंस आणि अख्खा थर खाली आला. तू हसलास. मी तुझ्या अंगावर धावून गेलो, ते गावाने पाहिलं.

नंतर खोलीत ती सिमेंटचे तुकडे गोळा करत म्हणाली, "अवो, लिंपाय मला येत नाय काय? या घरात माझी कुनाला फिकीर हाय काय, ते बघत हुते. तुमी पन दादांना दावायलाच लिंपलंत."

दादा, तुझ्यावर चिडायला मला तोंड उरलं नाही. तरी चिडलोय, आणि तुझ्याहून जास्त स्वतःवर. दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन निघालो.

इथली खोली दहा फुटांची. नळावर रांग, शेजारचं भांडण भिंतीतून ऐकू येतं. गावच्या आठवणीने ती कधी कधी रडते, मीही जेवणावरून उठतो. पण गावचं घर कुणाचं, यावरून मी आता तुझ्याशी भांडणार नाही. लुगडं बदलताना तिला आधी भिंतीकडे बघावं लागत नाही, तेच माझं घर.