वच्छलावहिनींची मोसंबी

आमच्या गल्लीत सगळ्यात चुकीचं झाड मी लावलं, हे आधीच कबूल करून टाकतो. वाळूजच्या कामगार वसाहतीत सत्याऐंशी साली आम्हाला घरं मिळाली. प्रत्येक घरामागं दहा फुटांची मोकळी पट्टी होती, तिच्यात जेमतेम एक झाड मावणार. मी शाळामास्तर. कॅलेंडरवरचं कोकणचं चित्र पाहून नारळ आणला. मराठवाड्याच्या उन्हात तो नारळ आजारी पाहुण्यासारखा नुसता बसून राहिला. डावीकडच्या जाहेदाभाभींनी डाळिंब लावलं. उजवीकडच्या वच्छलावहिनींच्या घरात मात्र झाडावरून आठवडाभर भांडण चाललं होतं.

वहिनी पाचोडजवळच्या एका खेड्यातल्या, माहेरी मोसंबीचा मळा. नवरा कडूबा कंपनीत तीन पाळ्यांत राबणारा. बोलायचा कमी, पण बोलला की काळ्या दगडावरची रेघ. त्याला पेरू हवा होता.

"दोन वर्षांत खायला मिळतो," तो म्हणाला.

"अन् पावसाळ्यात त्याच्यातल्या आळ्या कोण खाणार, तुमी?"

आंबा नको, कारण त्याला पसरायला सगळी गल्ली लागेल. लिंबाला काटे. सीताफळ तर म्हणे डोंगरावर फुकट मिळतं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मोसंबीच लावायची."

"मोसंबी बागंत येती," कडूबा म्हणाला. "घरामागं कुणी लावतं का? लाव. पण नाय आली तर रडत येऊ नको."

रोप आणायला वहिनी मला घेऊन गेल्या, कारण माझ्याकडं सायकल होती. बिडकीनच्या रस्त्यावर इलियासभाईंची रोपवाटिका. तिथं बाईंनी तासभर घालवला. उंच, हिरवीगार रोपं मी दाखवत होतो आणि त्या मान हलवत होत्या. प्रत्येकाच्या खुंटावर जिथं कलमाचा डोळा भरलेला असतो, तिथं बोट फिरवून बघायच्या. त्याच्याखालून, म्हणजे जंगली खुंटातून, फुटवा आलेलं रोप लगेच बाजूला. इलियासभाई वैतागून म्हणाले, "बाई, लग्नाची मुलगी बघताय का?"

"मुलगी माहेरी परत येती, भाई. झाड येत नाय."

शेवटी गुडघ्याएवढं एक रोप त्यांनी निवडलं. मला ते अगदीच किरकोळ वाटलं, आणि मी तसं म्हणालोही. माझा नारळ तेव्हा कमरेएवढा होता.

आता या रोपाचे लाड सुरू झाले. नळाला दिवसाआड पाणी, म्हणून वहिनींनी न्हाणीपासून झाडापर्यंत चर खणला. घरातल्या चार माणसांच्या आंघोळीचं पाणी थेट बुंध्याशी. झाड असं माजलं की न्हाणीच्या पत्र्याच्या वर गेलं. पानं तेल लावल्यागत चमकायची. फळ मात्र एक नाही. चौथ्या वर्षी नाही, पाचव्या वर्षी नाही, सहाव्या वर्षीही नाही. गल्ली हसायला लागली आणि त्यात मी पुढं होतो. "वहिनी, पानांची भाजी होते का हो?" असं मी विचारलं होतं. आज आठवलं की लाज वाटते.

त्र्याण्णवच्या दिवाळीत कडूबानं विषय संपवला. पोरं मोठी झाली होती, घर पुरत नव्हतं. "होळी झाली की झाड काढायचं अन् मागं खोली बांधायची. गवंड्याला सांगून ठेवलंय." त्याचं चुकत नव्हतं, म्हणून वहिनींना भांडताही येईना. त्यांनी हट्टानं निवडलेलं झाड, त्यांच्या माहेरची मोसंबी, सगळ्या गल्लीदेखत खोटी ठरणार होती.

मार्गशीर्षात त्या भावाच्या घरी लग्नाला गेल्या. भावाची बाग पाहिली तर पानं मलूल, जमीन भेगाळलेली, मोटार बंद. बाग ताणावर सोडली होती. मोसंबीचं पाणी महिना-सव्वा महिना तोडायचं, झाडाला तहानेनं व्याकूळ होऊ द्यायचं, आणि मग पाणी द्यायचं. तेव्हा कुठं ती फुलते. हे वहिनींना लहानपणापासून ठाऊक होतं. पण घरामागचं एकुलतं एक झाड म्हणजे बाग थोडीच! त्याला पोरासारखं वाढवायचं, असं त्या धरून बसल्या होत्या.

परत आल्या त्या दिवशी, हातातली पिशवी खाली न ठेवता, त्यांनी चराच्या तोंडाशी चिखलाचा बांध घातला. आंघोळीचं पाणी वळवलं माझ्या नारळाकडं.

पंधरा दिवसांत पानं वळली. मग पिवळी पडली. मग गळायला लागली. जाहेदाभाभी भिंतीवरून ओरडल्या, "भाभी, झाडकू पानी कायकू बंद करे? सूख जाइंगा ना!" कडूबाला वाटलं, बायकोनं हार मानली. तो बिचारा घरात हळू आवाजात बोलायला लागला. वहिनी कुणालाच काही सांगेनात. एकदा मात्र मला म्हणाल्या, "गुरुजी, त्याच्याकडं बघवत नाय हो. पाण्याचा तांब्या हातात घेते अन् परत ठेवते." डोळे भरले होते त्यांचे.

संक्रांत झाली. वहिनींनी बुंध्याभोवतीची माती खुरपली, शेणखत घातलं आणि आधी हलकं, आठ दिवसांनी भरपूर पाणी दिलं. फेब्रुवारीत एके सकाळी मी दात घासत मागं आलो आणि ब्रश तोंडातच राहिला. उघड्या फांद्यांवर पानांच्या आधी कळ्या, आणि कळ्यांपेक्षा फुलं जास्त. वास पार शाळेच्या वळणापर्यंत. पाळीवरून परतणारे कामगार बसमधून उतरले की नाक वर करून विचारायचे, कुणाकडं लग्न आहे का?

कडूबा झाडाखाली येऊन उभा राहिला. "फुलं काय, बाभळीलाबी येतात," तो म्हणाला. पण खोलीचं काम त्यानं दसऱ्यापर्यंत पुढं ढकललं.

एप्रिलच्या उन्हात सुपारीएवढी फळं पटापट गळाली. वहिनींनी साड्या जोडून पश्चिमेकडून आडोसा केला. एकशे चार फळं टिकली. रोज मोजायच्या, मीही मोजायचो, आणि आमचा आकडा जुळला नाही की भांडायचो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तोडणी ठरली. आख्खी गल्ली मागं जमली. पहिलं फळ देवापुढं ठेवायची रीत. वहिनींनी ते तोडलं, पदराला पुसलं आणि सरळ नवऱ्याच्या हातात दिलं. "देवाला दुसरं. आधी ह्यांना खाऊ द्या."

कडूबानं साल काढली. एक फोड खाल्ली. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघतोय. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, रस कोपरापर्यंत ओघळला. सगळं फळ संपवल्यावर त्यानं हात पुसले, झाडाकडं पाहिलं आणि घसा साफ केला.

"खोली वर माडीवर घेऊ. उद्या गवंड्याला सांगून येतो."

"कशाला हेलपाटा घालता?" वहिनी दुसरं फळ तोडत म्हणाल्या. "म्या त्याला फुलं आली तव्हाच सांगितलंय."