रविवार बापाचा

ती ॲम्ब्युलन्स चालवायची. घटस्फोटानंतर दुसरीत शिकणारी लेक कोणाकडे राहणार, हे ठरवताना नवऱ्याच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हिच्या ड्युटीचा काही नेम नाही. मुलीकडे बघणार कोण?"

"मी नसले की माझी आई बघते, शेजारीच राहते ती," ती म्हणाली. "पण ताप आला की उशाशी मीच असते."

न्यायाधीश बाईंनी आधीच लेकीला आपल्या खोलीत बोलावून तिच्याशी गप्पा मारल्या होत्या. आता त्यांनी आईबापांना एकच प्रश्न विचारला. "मुलगी तुमच्याकडे राहिली, तर दुसऱ्याला तिला भेटू द्याल?"

"कशाला? उगाच तिचे कान भरेल ही!" नवरा फटकन बोलून गेला. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

नवऱ्याच्या शंभर तक्रारी तिच्या ओठांवर आल्या होत्या. त्या तिने गिळल्या. "पोरीला पोहायला यानेच शिकवलं. दर रविवारी ती त्याच्याबरोबर पोहायला जाईल. भांडण आमचं आहे, बाप तिचा आहे."

बाईंनी निकाल दिला. मुलगी आईकडे राहील, रविवार बापाचा. "मुलीला दोघंही हवे आहेत," त्या म्हणाल्या, "आणि आईला ते कळलंय."

बाहेर आजीजवळ बसलेली लेक धावत आली. "आई, काय झालं गं?"

"आपण जिंकलो!" तिने लेकीला उचलून गरकन फिरवलं आणि दोघी भर कोर्टाच्या आवारात खदखदून हसत सुटल्या.