गोड पावसाची तपासणी

माझ्या एका खोट्यापायी चौगुले बाईंची नोकरी जाणार होती.

त्या बाई आज सकाळी गेल्या.

गेले चार दिवस त्या दवाखान्यात होत्या; फोन वाजला की मी आधी नाव बघायचे. आज त्यांच्या मुलीचा फोन आला, तर मी तो नुसताच वाजू दिला. उचलला नाही तर बातमी खरी होणार नाही, असं काहीतरी डोक्यात. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. साठीला आले तरी अक्कल तिसरीतलीच.

तिसरीत मी उचगावात होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळेमागं ओढा, ओढ्यापलीकडं गुऱ्हाळ.

आमचे आबा तिथं गुळव्या. म्हणजे काहिलीतला उसाचा रस किती आटवायचा, कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस.

बाई कोल्हापुरातून बसनं यायच्या. नोकरी अजून कच्ची होती. तपासणीला साहेब येणार, ते चांगला शेरा देणार, तरच बाई कायम होणार.

आणि बाई काय करत होत्या? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढत बसल्या होत्या.

पाण्याच्या एका थेंबाचं चित्रपुस्तक. थेंबाचं नाव टिपूस.

टिपूस पंचगंगेत पोहतो. ऊन लागलं की वर जातो, ढगात दाटीवाटीनं बसतो. पाऊस होऊन उसावर पडतो. उसातून रसात, रसातून काहिलीत, आणि वाफ होऊन पुन्हा वर.

शेवटचं पान बाईंनी खळ लावून पहिल्या पानाला चिकटवलं होतं. त्यामुळं पुस्तक संपायचंच नाही.

"बाई, सुरवात कुटनं करायची?"

"बोट ठेवशील तिथून."

काहिलीच्या पानावर मिशीवाला माणूस होता. ते आमचे आबाच, असं मी वर्गभर सांगत फिरले.

तपासणीच्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "बाई, ही चित्रं कपाटात टाका. साहेबांना पाठ्यपुस्तकातलं लागतं."

बाई हो म्हणाल्या, आणि टिपूस टेबलावरच ठेवला.

मला सकाळपासूनच टेन्शन होतं. शेरा वाईट आला तर बाई जाणार, हे मी घरात ऐकलं होतं. सकाळची भाकरीसुद्धा गिळली नव्हती.

साहेब आले. टेबलावरचं चित्रपुस्तक दोन बोटांनी उचललं, परत ठेवलं. मग वर्गाला विचारलं, "पाऊस कसा पडतो?"

रोज घसा फोडून सांगणारी पोरं खाली बघत बसली. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला ते बघवेना.

मी उभी राहिले.

"काहिलीतली वाफ वर जाती, त्येचा ढग हुतोय. म्हनून आमच्या गुऱ्हाळावर पाऊस गोड पडतोय."

मला ते खरंच वाटायचं. रस गोड, तर वाफ गोड, तर पाऊसपण गोड.

"गोड? तू चाखलायस?"

"व्हय. लई येळा."

हे मात्र धडधडीत खोटं.

"असं बाईंनी शिकवलं?"

मला वाटलं, बाईंचं नाव होईल. "व्हय. बाईंनीच."

साहेबांनी वही उघडली.

बाईंनी असं कधीच शिकवलं नव्हतं. तेवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, गुऱ्हाळ समोरच आहे. चाखून बघू या का?"

ओढा ओलांडून निघालो. पुढं साहेब, मागं हेडमास्तर, मधे आम्ही चाळीस पोरं. हेडमास्तर घाम पुसत होते.

काहील रटरटत होती. बाईंनी सांगितलं तसं आबांनी गार पाण्यात बुडवलेली परात वाफेवर उलटी धरली. थोड्या वेळानं सुलटी केली. आतून थेंब लगडले होते.

"चाख," साहेब म्हणाले.

मी बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

नुसतं पाणी.

अंबाबाईला सांगत होते, गोड कर, गोड कर. गोड म्हणाले तर बाई वाचणार. सपक म्हणाले तर बाई जाणार. मला तेवढंच कळत होतं.

मी बाईंकडं बघितलं. बाई चुलवाणाच्या धुराकडं बघत होत्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

"सपक हाय," मी म्हणाले. "आनि म्या आदी कदी चाखलंच न्हवतं."

आणि भोकाड पसरलं.

आबा हसले. "अगं, गोडी खालीच ऱ्हाती की. तीबी वर गेली तर गूळ कशाचा करू?"

साहेबांनी स्वतः बोट लावून चाखलं. वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते कुणाला दाखवलं नाही. गुळाची ढेप मात्र घेऊन गेले.

पुढं कितीतरी दिवस मी सकाळी स्टँडवर जाऊन उभी राहायचे. बसमधून बाई उतरल्या की मगच शाळेत. त्यांना वाटायचं, पिशवी धरायला येते.

बाई कायम झाल्या. पुढची कितीतरी वर्षं टिपूस शिकवत राहिल्या.

साहेबांचा शेरा त्यांनी मला माझ्या लग्नात सांगितला. "बाई करून दाखवतात. मुलगी खरं बोलते, पण उशिरा."

मांडवात दोघी हसत बसलो होतो.

मागच्या रविवारी भेटायला येते म्हणाले होते. आले नाही. पाहुणे आले, राहून गेलं. हे मला आता सोसायचंय.

बाई, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी 'गोड' म्हणणारच होते. शब्द ओठावर आला होता.

तुम्ही मान वळवलीत म्हणून खरं बोलले. तुमची नोकरी पणाला लागलेली, आणि तुम्ही मला डोळ्यानंसुद्धा काही सुचवलं नाहीत.

हे पन्नास वर्षांत एकदाही बोलले नाही. आज बोलतेय.

उशिराच.

येते बाई. नमस्कार करते.