रिकाम्या गाडीची हवा

टायरमधल्या हवेच्या बाबतीत मला कुणी शिकवावं अशी वेळ कधी येईल, असं मला वाटलं नव्हतं. टोमॅटोच्या हंगामात बोरीतून नारायणगावच्या बाजाराला रोज पिकअप नेणारा माणूस मी. टायरवर लाथ मारून आवाजावरून हवा सांगायचो. मीटर लावल्यावर फरक पडलाच तर एखाद्या पौंडाचा. आणि आमच्याकडे नियम एकच, हवा कडक. गाडीत किती क्रेट चढतील याचा काही नेम नसतो, त्यामुळे टायर दगडासारखा लागतो.

नव्वदचं दशक संपता संपता मी पुण्याहून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली. दोनच सीटा, छप्पर मागे दुमडायचं आणि आत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर. खरं तर मी द्राक्षाच्या फवारणीचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो. वर्कशॉपशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ही दिसली आणि पंप तिथेच राहिला. घरी आल्यावर बायकोने एकच विचारलं, "पोरं कुठं बसायची?"

टायर वाळून तडकले होते. त्यांच्या बाजूवर जुना आकार लिहिलेला होता, ५.२०–१३. तो आता कुठेच मिळेना. टायरवाला म्हणाला, "भाऊ, या तेराच्या रिमला एकशे पंचावनचं रेडियल बरुबर बसतंय. पर एकशे पंचाहत्तर घाला राव, गाडी कशी भारदस्त दिसंल." भारदस्त म्हटलं की आमच्या भागातला माणूस विरघळतोच. मी रुंद टायर घातले आणि चाळीस पौंड हवा भरली. गाडी पळणारी आहे, मग हवा जास्तच पाहिजे, असं माझं ठाम मत होतं.

त्या गाडीत मला बसवायचं होतं ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. सत्तरी ओलांडलेली. एके काळी त्यांची बैलजोडी शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैल पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर, पळायची. बैल विकून बरीच वर्षं झाली, तरी चैत्रातल्या यात्रेला घाटावर जायचं त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. कौतुक हा प्रकार त्यांना जमत नसे. बैल चांगला पळाला की पाठीवर दोन थापा, विषय संपला. मला तर तेवढ्याही कधी मिळाल्या नव्हत्या. यंदा आबांना माझ्या गाडीतून घाटावर न्यायचं, हे मी गाडी घेतली त्याच दिवशी ठरवलं होतं.

यात्रेच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम म्हणून त्यांना कालव्याच्या रस्त्याने फिरवलं. प्रत्येक खड्ड्याला गाडी उडत होती आणि आबा गाडीपेक्षा अर्धी वीत जास्त. वळणावर टायर मडगार्डला घासून खरखर वाजायचा. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "थांबव. उतरव मला." पाठीवर हात ठेवून ते चालत घरी आले, आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे. अख्ख्या आळीने ही मिरवणूक पाहिली.

"यात्रेला मी ट्रॉलीत बसून जाईन," ओट्यावर बसता बसता त्यांनी जाहीर केलं. "हिच्यात न्हाई."

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली दरवर्षी घाटावर जायचीच. मला ते फार लागलं. आबा ट्रॉलीत बसले की दुसऱ्या दिवशी गाडी विकायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मी दोष स्प्रिंगला दिला, रस्त्याला दिला, आबांच्या वयालाही दिला. हवेला काही दिला नाही. दोन दिवस गाडीखाली आडवा होऊन सगळं खोलून पुन्हा बसवलं. आबा गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून ओट्यावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हवा किती हाय?"

"चाळीस."

"का? हिच्यात ऊस भरलाय का?"

मग त्यांनी त्यांच्या टायरच्या बैलगाडीची गोष्ट सांगितली. "कारखान्यावर ऊस टाकला आन टायर तसंच कडक ठिवलं, की येताना रिकामी गाडी नुसत्या उड्या मारायची. जू आपटून बैलांचं खांदं सुजायचं. म्हून आमी माघारी निघताना हवा सोडायचो आन सकाळी परत भरायचो. बैल बोलत न्हाई, पर खांदा दाखिवतो. तुझ्या गाडीला खांदाच न्हाई, म्हून माझी पाठ सुजली."

मग त्यांनी आईकडून चुलीतली राख मागवली आणि खळ्याच्या कोब्यावर पसरायला लावली. राखेवरून गाडी नेली तर एवढ्या रुंद टायरचा ठसा उमटला तो मधला, जेमतेम दोन बोटांचा. "एवढा मोठा टायर, आन चालतोय दोन बोटांवर," आबा म्हणाले.

मुकाट्याने नारायणगावला गेलो आणि टायर बदलून एकशे पंचावनचे घातले. मडगार्डची खरखर तिथेच थांबली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं राखेपाशीच होतो. आबा काठीने ठसा दाखवायचे, मी हवा कमी-जास्त करून गाडी पुन्हा राखेवरून न्यायचो. तिसाला कडा कोऱ्या राहिल्या. अठराला मधला भाग पुसट झाला. पुढे बावीस आणि मागे चोवीसला ठसा या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा उठला. मागे दोन पौंड जास्त, कारण बसणाऱ्यांचं वजन मागच्या चाकांजवळ येतं. हे मात्र मी सांगितलं, आणि आबांनी चक्क मान डोलावली.

यात्रेच्या सकाळी ट्रॉली दारात आली. वरून चार जण हाका मारत होते. आबा फेटा बांधून बाहेर आले, ट्रॉलीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. त्यांनी टायरवर काठी मारली. आवाज बद्द आला. मग दार उघडून आत बसले आणि ट्रॉलीवाल्यांना म्हणाले, "व्हा तुमी म्होरं."

कालव्याच्या रस्त्यावर खड्डे तेच होते, पण गाडी खाली बसून वर यायची, नुसती उडत नव्हती. मागच्या वेळी जिथे ते उतरले होते तिथे माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आबा म्हणाले, "चल की. थांबतोस कशाला?"

घाटावर पोचल्यावर ते उतरले, पुढे गेले आणि बॉनेटवर दोन थापा मारल्या. माझ्याकडे न बघता गर्दीत शिरले. चाळिशीला टेकलेला मी, आणि मला गाडीचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं.

संध्याकाळी परत आल्यावर आबा ओट्यावर टेकले आणि फेटा सोडून गुंडाळत म्हणाले, "उद्या तुझ्या आईला म्हायेराला ने हिच्यात. कधी म्हनायची न्हाई, पर तिच्या मनात हाय."

आईच्या मनातलं आबांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी नुसतं बरं म्हणालो.

"आन ऐक," ते म्हणाले, "ती माझ्यापेक्षा हलकी हाय. मागनं एक पौंड सोड."