बर्गनच्या धक्क्यावर बाबांची खाट

कुवेतच्या शुऐबा बंदराला लागणाऱ्या जहाजांच्या पाठीवर, नावाखाली, त्या जहाजाचं गाव रंगवलेलं असतं. बाबा तिथल्या एका कारखान्यात पंपांची देखभाल करत. कामासाठी धक्क्याकडे गेले की ती गावं वाचत आणि मंगफला घरी आल्यावर मला सांगत. त्यातलं एक त्यांच्या मनात रुतून बसलं. नॉर्वेतलं बर्गन. तिथे जवळजवळ रोज पाऊस पडतो, असं त्यांना कुणा खलाशानं सांगितलं होतं. "रोज!" असं म्हणून बाबा खिडकीबाहेरच्या पिवळ्या धुळीकडे बघत.

म्हणून त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर मी तिघांची तिकिटं काढली ती बर्गनची. आई म्हणाली, "लोक आईबापांना काशीला नेतात. ही बंदर दाखवायला चाललीय, जन्मभर बंदरावर काढलेल्या माणसाला."

निघायच्या आधी मुदीरनं, म्हणजे बाबांच्या मॅनेजरनं, त्यांना बोलावलं. अजून दोन वर्षं राहा म्हणाला. पण फॅमिली फ्लॅट जाणार. शिफ्टच्या माणसांची बस कंपनीच्या बॅचलर इमारतीतून सुटते, तिथेच राहावं लागेल. आईनं कल्याणला परत जायचं. रविवारी कामावर आलात की सांगा. आम्ही शनिवारी परतणार होतो, म्हणजे काय ते बर्गनमध्येच ठरणार होतं. बाबांचा कल होकाराकडे होता. "कल्याणला जाऊन करू काय? खिडकीत बसू?" एवढंच ते म्हणत. आणि मी मनाशी ठरवलं होतं की हा होकार मी होऊ देणार नाही.

कुवेतमध्ये बॅचलर म्हणजे लग्न न झालेला माणूस नव्हे. बायको-मुलं मागे ठेवून आलेला तो बॅचलर. आजोबा झालेले बॅचलरही मी पाहिले आहेत. या एका शब्दानं माणसाचं सगळं घर पुसून टाकता येतं, आणि आपली माणसंही तो सहज वापरतात. "चौथ्या मजल्यावर सगळे बॅचलर आहेत, पोरींना लिफ्टनं एकटं पाठवू नका," असं आमच्या बिल्डिंगमधल्या सुशिक्षित बायका सांगत. माझं डोकं फिरायचं.

ते फिरायला बाबाच कारणीभूत होते. कुवेतला येण्याआधी ते अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, युनियनमध्ये होते. येताना ट्रंकेच्या तळाशी युनियनची पत्रकं अंथरून आणली होती. मंगफमध्ये मराठी शाळा नव्हती, म्हणून मला अक्षरं शिकवायला त्यांनी तीच काढली. माझा क कामगाराचा, स संपाचा. बाकीची मराठी मुलं घरी इंग्रजीत उत्तरं देत, मी दूध सांडलं तरी "हा अन्याय आहे" म्हणत असे. मी तोंड उघडलं की आई म्हणायची, "आली सभा!" पण पत्रकं शिकवणारा माणूस इथे स्वतः कधी एक शब्द बोलला नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला की दुसऱ्या दिवशी विमानात बसवतात, हे त्यांना माहीत होतं. मला ते आवडत नव्हतं, आणि कळतही होतं.

बर्गनला पाऊस होताच. आम्हा वाळवंटातल्या तिघांत मिळून एक छत्री, तीही उन्हाची. जुन्या धक्क्यावर लाकडी घरांची रांग आहे, तांबडी, पिवळी, पांढरी, एकमेकांच्या खांद्यावर रेललेली. लोक फोटो काढत होते. मला उभं राहवत नव्हतं. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात होते आणि बाबांशी वाद कुठून सुरू करावा याची वाक्यं जुळवत होते. बाबा मात्र पाण्याकडे बघत होते. "टँकर एकही नाही गं," ते जरा नाराजीनंच म्हणाले. "सगळ्या होड्या."

पावसातून आत शिरायचं म्हणून आम्ही त्यातल्या एका घरात गेलो. आत संग्रहालय होतं. जुन्या काळी जर्मन व्यापारी इथे सुकवलेल्या माशांचा व्यापार करत, आणि ही घरं म्हणजे त्यांची गोदामं आणि त्यांच्या नोकरांची वस्ती. घर लाकडाचं, म्हणून आत विस्तव नाही. उत्तरेकडच्या हिवाळ्यात शेकोटी नाही, दिवा नाही. भिंतीत कपाटासारख्या खाटा होत्या, सरकत्या दारांच्या. एका खाटेत दोघं झोपत. आणि या माणसांना लग्न करायला बंदी होती.

मला जे हवं होतं ते भिंतीवरच लिहिलेलं होतं. मी सुरू झाले. "बघा बाबा! परक्या मुलखात आणायचं, कपाटात झोपवायचं, घरसंसार करू द्यायचा नाही, आणि पुढे त्याच घरांना छान रंग देऊन तिकीट लावायचं. उद्या मंगफच्या इमारतींनाही लावतील. आणि तुम्ही स्वतःच्या पायांनी तिथे परत जाणार?"

एक गोरं जोडपं वळून बघायला लागलं.

"हळू बोल," बाबा म्हणाले. "इथे काय युनियन काढायचीय तुला?"

"कुणीतरी काढायला हवी होती!"

"आली सभा," आई म्हणाली. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती खाटेकडे बघत होती. "यांना लग्नच करू देत नव्हते ना?"

"नाही. कायदाच होता."

"मग बरं होतं बाई. निदान मागे कुणी वाट बघत नव्हतं."

बाबा पुढे झाले आणि त्यांनी खाटेचं दार बोटानं थोडं सरकवलं. "हात लावू नका," असं मी म्हणेपर्यंत ते हसत होते. "यांची मजा होती. दार होतं. आमच्या बेडस्पेसला काय होतं? एका खोलीत आम्ही सगळे, कुणी दिवसपाळीला, कुणी रात्रपाळीला, दिवा कायम चालू. मी साडी लावली होती खाटेला."

"कुठली साडी?" आईनं विचारलं.

"तुझीच. निळी. पत्रात मागवली होती नाही का?"

"ती फरशी पुसायला मागितली होती तुम्ही! जुनी पाठव, फाटकी चालेल, म्हणालात."

"मग काय लिहिणार होतो? तिथे सगळे एकमेकांची पत्रं वाचायचे."

आईनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. "चांगली होती हो ती," ती म्हणाली. "फाटकी पाठवायला मन होईना. म्हटलं, फरशी तर फरशी, पण तुमच्या खोलीत असू दे." आमच्यामागे आलेल्या लोकांना जागा द्यायला आम्ही तिघंही भिंतीला चिकटलो. आम्ही दोघी कुवेतला येण्याआधी, मी जन्मले तेव्हा, बाबा त्या साडीच्या आड झोपत होते, हे मला कुठल्याच पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

बाहेर आल्यावर पाऊस वाढला होता. छपराखाली उभं राहून आई, जणू भाजीचं सांगावं तशी, बाबांना म्हणाली, "हे बघा. राहायचं तर राहा. पोरीचं ऐकू नका, माझंही ऐकू नका. पण या वेळी साडी मिळणार नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मी काही बोलतेय का ते बघायला. "छत्री दे," ते आईला म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर धरून चालायला लागले. मी मागे भिजत.

रविवारी संध्याकाळी ते कामावरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "खलास. नाही म्हणून सांगून टाकलं." आई म्हणाली, "चहा ठेवते." कल्याणला जाऊन ते काय करणार, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता. मी जिंकले असं मला एक क्षणही वाटलं नाही.

आता घर आवरायला घेतलं आहे. मी एक खोकं भरते, उठते, खिडकीशी जाते. समोरच्या इमारतीत बॅचलर राहतात. दिवेलागणीला त्यांच्या खिडक्या उघड्या असतात आणि आतल्या दुमजली खाटांना बांधलेली कापडं दिसतात. इतकी वर्षं मी त्यांना चादरी समजत होते. त्यातल्या काहींना काठ आहेत.