पानातलं मीठ

पातेल्यावरचं झाकण किंचित सरकवायचं, डोळे मिटायचे आणि वाफ तळहाताने नाकाकडे ओढायची. आम्ही सगळे ताटकळलेले. मग अण्णा म्हणायचे, "थांबा रे. नाकास विचारूं दे."

नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. देवाआधी आपली जीभ लावायची नाही. कुंभकोणमच्या आमच्या विठ्ठलाच्या देवळात मी कोठी सांभाळत होतो आणि अण्णा मुदपाकखाना. आमटीत मीठ पुरेसं झालं की नाही, हे ते नुसत्या वासावरून सांगत. मला ही थाप वाटायची. पण पंगत उठली की ते पानांवरून एक फेरी मारत आणि मला मुद्दाम हाक घालत. पानाच्या कोपऱ्यात वाढलेलं मीठ जसंच्या तसं असायचं. "बघ, कोणासही लागलें नाहीं," म्हणत आणि गालातल्या गालात हसत.

अण्णांना मधूनमधून भरती यायची. तेव्हा झोप नाही, थकवा नाही, बोलणं थांबत नाही. एकदा पट्टीश्वरमला जाऊन अख्ख्या गावाला जेवायला बोलावून आले आणि सगळ्या चुली पेटवून बसले. मी कोठीला कुलूप ठोकलं, तर म्हणाले, "लोक जेवायास येतांत आणि तूं दार लावतोस? लाज नाहीं?" लोक खरंच आले. मला कुलूप काढावंच लागलं. तोंडाने कितीही कुरकुर केली, तरी तशी पंगत मी पुन्हा पाहिली नाही.

भरती ओसरली की हाच माणूस थंड चुलीपुढे बसून राहायचा. काडी ओढायचंही बळ नसे. गावाने भरती पाहिली आणि हसून घेतलं. ओहोटी पाहिली ती त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, आणि मी.

वेड उतरतं म्हणतात त्या तिरुविडैमरुदूरच्या देवळात नेऊन बसवून झालं, ताईत बांधून झाला. एका भरतीत ते गोपुरावर चढले आणि वरून गावाला जेवायला हाका मारू लागले. त्यांना कसंबसं खाली उतरवलं आणि वहिनींनी थेट डॉक्टरांचं घर गाठलं. मी बरोबर होतोच. डॉक्टर म्हणाले, "मद्रासला नेऊन विजेचे झटके द्यायचे, नाहीतर ही गोळी. एका मुळीपासून काढलेली आहे, नवीन आहे. डोकं शांत करील. आणखी काय करील, ते आम्हीही शिकतोय."

गोळीने भरती थांबली. वहिनी कोठीच्या दाराशी आल्या. डोळ्यांना पदर. "तेनि निजले, भावजी. लेंकरासारखे निजले." मला वाटलं, सुटलो.

पण त्याच गोळीने अण्णांचं नाक चोंदलं.

गोकुळाष्टमीच्या पारण्याला त्यांनी झाकण सरकवलं, वाफ ओढली. पुन्हा ओढली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कांहीं सांगत नाहीं रे."

"थेंबभर जिभेवर घ्या," वहिनी म्हणाल्या. "देव रागावणार नाहीं."

"देव नाहीं रागावणार. मग मी कशास आहें इथें?"

त्यांनी अंदाजाने मीठ टाकलं. पंगतीत कुणी अवाक्षर काढलं नाही. लोकांचा जीव होता त्यांच्यावर. जेवणं झाल्यावर ते पानांवरून फिरले. प्रत्येक पानाचा कोपरा पुसून काढल्यासारखा रिकामा होता. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली नाही.

डॉक्टरांनी गोळी कमी केली. नाक जरा मोकळं झालं, पण भरती पुन्हा चढू लागली. गोळी वाढवली, तर अण्णा चुलीपुढे बसले ते उठेचनात. ही ओहोटी आधीच्या ओहोट्यांहून खोल होती. "बंद केली तर पुन्हा गोपूर, चालू ठेवली तर हे असं," डॉक्टर म्हणाले. "तिसरं माझ्याजवळ काही नाही." बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "तुझ्या वहिनीस आतां झोंप लागतें. गोळी राहूं दे."

एका सकाळी ते कावेरीवर आंघोळीला गेले आणि परत आले नाहीत. पाय घसरला, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. वहिनींनीही तेच ठरवलं.

काही वर्षांनी डॉक्टरांनी मला रस्त्यात थांबवलं. उदासी उतरवणारी औषधं निघालीत म्हणे परदेशात. आणि आपली ती गोळी काही माणसांना आणखी खाली ओढते, असंही आता लिहून येत होतं. सांगताना त्यांना माझ्याकडे बघवेना. मला त्यांचा राग आला नाही, माणूस भला होता.

हे पुढचं मी आधीच सांगून बसलो. तेराव्याला साक्कोट्टैहून दुसरा आचारी आणला होता. त्यानेही चाखलं नव्हतं, आणि अण्णांचं नाक त्याला कुठून असणार? आमटी साफ अळणी झाली होती. आम्ही खाली मान घालून जेवलो. पंगत उठल्यावर वहिनी आतून आल्या आणि सावकाश पानांवरून फिरल्या.

एकाही पानातलं मीठ कुणी हलवलं नव्हतं.