खालच्या गल्लीची दवंडी

पोलीस खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला खून-दरोडेच आठवत असतील, असं लोकांना वाटतं. माझं तसं नाही. बरेचसे खून आता एकमेकांत मिसळून गेलेत. मात्र एक पाण्याचं प्रकरण अजून जसंच्या तसं लक्षात आहे. स्टेशन डायरीत त्याची नोंद जेमतेम अर्ध्या पानाची, शिक्षा कोणालाच नाही. पण त्यात मी असा काही तोंडघशी पडलो की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. मी नगर शहरातल्या एका ठाण्यात फौजदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि नव्या फौजदाराला असते तेवढी सगळी अक्कल आपल्याला आहे, अशी माझी खात्री होती. नळाला रोज पाणी येण्याचे दिवस संपले होते. नगरपालिकेने गल्लीवार पाळ्या लावल्या होत्या आणि तलाव आटेल तशा त्या बदलत. आता पाणी कोणाला आणि कधी, हे लोकांना कळणार कसं? घरोघर रेडिओ नव्हते. नगरपालिकेच्या दारात एक फळा होता, पण तो वाचायला तिथवर कोण जाणार? त्यामुळे सगळी मदार दवंडीवर. पाण्याची पाळी, रॉकेलचं वाटप, लस टोचणी, सगळं हलगी वाजवून चौकाचौकात सांगितलं जाई.

आमच्या हद्दीत चढावर वरची गल्ली आणि उतारावर खालची गल्ली, अशा दोन वस्त्या होत्या. वरच्या गल्लीत दुकानदार, मास्तर, कचेरीतली माणसं. खालच्या गल्लीत हातावर पोट असलेली हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी. दुष्काळानं त्यांना एकाच कामावर नेलं होतं. शहराबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं, तिथं बाया-माणसं खडी फोडायला पहाटे पाचला निघत. खालच्या गल्लीचा सार्वजनिक नळ दोन्ही वस्त्यांच्या मधल्या कोपऱ्यावर होता.

एका बुधवारी सकाळी त्या कोपऱ्यावर दुकान असलेला न्हावी ठाण्यात आला. तो अधूनमधून आम्हाला बातम्या द्यायचा. हातातला वस्तरासुद्धा न ठेवता धावत आला होता.

"साहेब, लवकर चला. खालच्या गल्लीनं दवंडीवाल्याला धरलंय. म्हातारं मरंल."

मी हवालदार आणि दोन शिपाई घेऊन पोचलो, तेव्हा साठीच्या पुढचा एक किडकिडीत माणूस नळाच्या ओट्यावर बसवलेला आणि भोवती पन्नासेक बाया. कोणी हात टाकला नव्हता, पण टाकायला फार वेळही उरला नव्हता. पुढारीपण एका थोराड बाईकडे होतं. गल्ली तिला आत्या म्हणायची.

"साहेब, ह्यो नगरपालिकेच्या नावानं खोटं बोलतो," ती म्हणाली. "आज सकाळी येऊन सांगतो, उद्या सकाळी सहाला पानी. आमी कामाची हजेरी बुडवून घरी राहातो, तर नळाला टिपूस न्हाई. आन् ज्या दिवशी आमी कामावर, त्या दिवशी ह्यो नळ धो धो वाहातो. वरच्या गल्लीच्या बाया येऊन भरून नेत्यात. चार पाळ्या झाल्या, चारी वेळा हेच. म्हंजे वरच्यांनी ह्याला फोडलाय का न्हाई, तुमीच सांगा!"

वरच्या गल्लीचं म्हणणं वेगळं होतं. "दवंडीत दिवस बरोबर होता. ही मंडळी आली नाहीत, पाणी गटारात जात होतं, म्हणून आम्ही भरलं," असं तिथले एक मास्तर म्हणाले. एकच दवंडीवाला, एकच दवंडी. एका गल्लीला खरी, दुसरीला खोटी. मला हे सगळं सरळ दिसत होतं. मी म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

नगरपालिकेतून दुपारीच पत्र आलं. पोलिसांचा अहवाल येताच संबंधिताला सेवेतून कमी करण्यात येईल, असं त्यात होतं. म्हणजे म्हाताऱ्याची नोकरी माझ्या लेखणीवर आली होती. सोबत आरोग्य खात्याचा निरीक्षकही आला, तो भलताच घाबरलेला. दुष्काळात मिळेल ते पाणी पिऊन खालच्या गल्लीत पटकीचे दोन रोगी निघाले होते. येत्या शनिवारी तिथं लस टोचायची होती आणि तीही दवंडीनेच कळवायची होती.

"गल्ली म्हणते, तो जे सांगेल त्याच्या उलट आम्ही वागणार," निरीक्षक म्हणाला. "शनिवारी एक माणूस येणार नाही हो. आणि साथ पसरली तर?"

मी चौकशीला बसलो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मी खुर्चीत आणि म्हातारा समोर उभा. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्यात काही वावगं आहे, असं तेव्हा ना मला वाटलं, ना त्याला.

"खालच्या गल्लीत काय दवंडी दिलीस?"

"उद्या सकाळी सहाला खालच्या गल्लीला पानी येनार हो, ऐका."

"आणि वरच्या गल्लीत?"

"तीच की, साहेब. उद्या सकाळी सहाला खालच्या गल्लीला पानी. दवंडी सगळीकडं एकच असती."

"मग खालच्यांना खोटा दिवस कोणी सांगितला?"

"आमी जे ऐकलं त्येच सांगितलं. शब्दाला शब्द."

हे 'शब्दाला शब्द' मी दोन तासांत वीसदा ऐकलं. त्याला वाचता येत नव्हतं. कारकून हुकूम तोंडी सांगे, हा तीनदा घोकून दाखवी आणि निघे. मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. टेबलावरचं एक लांबलचक परिपत्रक एकदा वाचून दाखवलं आणि तासाभराने विचारलं. गड्याने सगळं म्हणून दाखवलं, मी वाचताना मध्येच खोकलो होतो तिथं थांबूनसुद्धा. हवालदार तोंडावर हात ठेवून हसला. मी मात्र मनात निष्कर्ष काढून मोकळा झालो. इतकं पक्कं पाठांतर असलेला माणूस चुकून खोटं सांगणार नाही, तेव्हा हा मुद्दामच सांगतो.

पण हेतू काही सापडेना. त्याचं झोपडं खालच्या गल्लीच्याही पलीकडे होतं आणि त्याची सून त्याच नळावर पाणी भरायची. हवालदार तिच्याकडे जाऊन आला. चारही वेळा तीसुद्धा कोरडा हंडा घेऊन परत गेली होती.

"घरच्यांना तरी खरा दिवस सांगायचास की!" मी म्हणालो.

तो पहिल्यांदाच दुखावलेला दिसला. "दवंडी आधी चौकात, साहेब. घरच्यांनीबी ती चौकातच ऐकायची. माज्या बापानं हेच केलं. हुकूम घरात आधी फुटला, तर गावाचा भरवसा जातो."

लबाड माणूस सगळ्या जगाला फसवतो, पण स्वतःच्या सुनेला उन्हात उभी करून त्याला काय मिळणार? हा काटा मला टोचायला लागला. संध्याकाळ झाली होती. म्हाताऱ्याला घरी सोडला आणि रात्रपाळीच्या ठाणे अंमलदाराला सांगितलं, "नगरपालिकेच्या त्या कारकुनाला उद्या सकाळी दहा वाजता जबाबाला हजर करा."

गुरुवारी दहा वाजले, साडेदहा वाजले, कारकुनाचा पत्ता नाही. मी सकाळपाळीच्या शिपायाला बोलावलं आणि आवाज चढवला.

"कारकून कुठाय?"

"त्याला उद्या आणायचंय ना, साहेब?" तो गोंधळला. "मघाशी पाळी बदलताना अंमलदारांनी तसंच सांगितलं. 'साहेबांचा हुकूम आहे, कारकुनाला उद्या सकाळी दहाला हजर करा.'"

माझा हुकूम शब्दाला शब्द पोचला होता. मी बुधवारी संध्याकाळी म्हटलेला उद्या गुरुवार होता. अंमलदारानं तो गुरुवारी सकाळी जसाच्या तसा पुढं दिला आणि त्याचा शुक्रवार झाला. माझ्याच ठाण्यात, माझ्याच नाकाखाली. त्या शिपायाला मी रागावणार होतो, ते राहूनच गेलं. मी हवालदाराला म्हणालो, "आधी तो म्हातारा. पळा."

तो आला. आदल्या दिवशी दोन तास मी त्याला काय सांगितलंस, एवढंच विचारत होतो. आता विचारलं, "हुकूम तुला कधी मिळतो?"

"सांजच्याला, पाच वाजता."

"वरच्या गल्लीत दवंडी कधी देतोस?"

"तिथनं निघालो की पैली तीच लागती. दिवस मावळायच्या आत हुती."

"आणि खालच्या?"

"तितं जाईस्तवर दिवेलागन हुती, साहेब. दिवा लागल्यावर हलगी वाजवत न्हाई आमी. बायाबापड्या दचकत्यात, कोन गेलं म्हनून. खालच्या गल्लीला दुसऱ्या दिशी सकाळी आठाला देतो. घरातली म्हातारी-पोरं ऐकत्यात, ती सांजच्याला कामावरनं आलेल्यास्नी सांगत्यात."

"आणि तेव्हाही उद्याच म्हणतोस?"

"हुकूमच उद्याचा असतो ना."

तेवढ्यात शिपाई कारकुनाला घेऊन आला. हा पोरगेला माणूस त्या जागी नवा होता. पाण्याची चावी फिरवणारा कामगार रोज तारखा लिहून ठेवत असे, त्याची वहीही मागवली. चारही पाळ्या ताडून पाहिल्या. पाणी दर वेळी हुकमाप्रमाणेच सुटलं होतं. आताचीच पाळी घ्या. सोमवारी पाचला हुकूम. वरच्या गल्लीने तो सोमवारीच ऐकला. मंगळवारी सहाला नळाला पाणी येऊन गेलं आणि मंगळवारी आठ वाजता खालच्या गल्लीला कळलं की उद्या पाणी येणार.

"आधीचे कारकून कसं सांगायचे?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"ते वार सांगायचे, साहेब. येत्या मंगळवारी म्हना, बुधवारी म्हना. हे नवं साहेब उद्या म्हनत्यात."

कारकून खाली मान घालून म्हणाला, "हुकमावर तारीख असते. पण दुसऱ्याच दिवशीची गोष्ट, म्हणून मी सोपं करून सांगत होतो." त्याचाही दोष नव्हता. पाच वाजता पाचच्या हिशेबाने उद्या म्हणणारा माणूस बरोबरच बोलत असतो.

"पण सकाळ झाल्यावर तुझ्या मनात आलं नाही का, की आता तो उद्या आज झाला?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

तो म्हणाला, "यायचं की. पैल्या खेपंला आलंबी हुतं. पन दवंडीवाला आपलं डोकं घालाया लागला, की ती हुकमाची दवंडी राहात न्हाई. आज एक शब्द बदलला, उद्या दोन बदलीन." एवढं बोलताना त्याचे डोळे भरून आले. "पानी आमच्या तोंडामुळं वाया गेलं म्हना की."

त्या वेळी मला त्याची दया नाही आली. लाज वाटली, ती माझी. कामातल्या इतक्या सचोटीला मी दोन तास उभं करून लबाडी म्हणत होतो.

अहवाल त्याच दुपारी लिहिला. गुन्हा नाही, गैरहेतू नाही, यापुढे प्रत्येक हुकूम वार घालून द्यावा. नगरपालिकेने मानलं. नोकरी वाचली. पण खालच्या गल्लीने आमचा अहवाल वाचला नव्हता आणि तिच्या लेखी म्हातारा अजून खोटारडाच होता. शनिवार तोंडावर आला होता.

शुक्रवारी खडीच्या कामाला सुटी असे, म्हणून त्या सकाळी मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो. गणवेशातला फौजदार पाहून बाया दाराशी आल्या, पण हलगी वाजताच तोंडं फिरवली. दवंडीआधी मी सगळा प्रकार समजावून सांगितला. सोमवारचा उद्या, मंगळवारचा उद्या. माझ्या ठाण्यातली फजितीही सांगितली. थोडं हसू फुटलं. आत्या मात्र हसली नाही. ती पुढं आली आणि मला बाजूला सारून थेट म्हाताऱ्यासमोर उभी राहिली.

"लस कवा टोचनार?"

"शनिवारी सकाळी सातला. चर्चच्या आवारात."

"आज कोनता वार हाय?"

"शुक्रवार."

"म्हंजे कवा?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हुकमात तो शब्द नव्हता. मी मान हलवली नाही, हे त्याचं त्यानंच ठरवायचं होतं. त्याने आयुष्यात बहुधा पहिल्यांदा हुकमाबाहेरचा एक शब्द उच्चारला.

"उद्या."

"आता बराबर सांगितलंस," आत्या म्हणाली. शनिवारी रांगेत पहिली तीच होती, बाही दंडापर्यंत वर सारून. तिच्यामागे जवळजवळ सगळी गल्ली. त्या वस्तीत पटकी त्यापुढे पसरली नाही.

या प्रकरणानंतर मी कोणाच्याही जबाबात काल, आज, उद्या, परवा असे शब्द राहू दिले नाहीत. वार विचारायचा, तारीख विचारायची, ऐकलं कधी आणि सांगितलं कधी तेही विचारायचं. माझ्या हाताखालची पोरं वैतागायची. पण नंतर कितीतरी भांडणांत मला दिसलं की दोन्हीकडचे लोक खरंच बोलत असतात, फक्त एकाच वेळचं बोलत नसतात. आपण मात्र खोटं कोण बोलतंय, ते आधी ठरवून चौकशीला बसतो.

लस टोचणीनंतरच्या सोमवारी म्हातारा जबाबावर अंगठा द्यायला ठाण्यात आला. टेबलासमोर नेहमीच्या जागी उभा राहिला, हात जोडून. मी समोरची खुर्ची पुढं ओढली आणि म्हणालो, "बसा."

त्यांनी मागं वळून पाहिलं. आपल्यामागून कोणीतरी मोठा माणूस आला असावा, असं त्यांना वाटलं होतं.